पाठ रात्रीच का दुखते, हे विचारा

आपल्या वऱ्हाडात पाठदुखीला नावांची वानवा नाही. कोणाला उसण भरते, कोणाच्या कमरेत लचक येते, कोणाची नस दबते, कोणाच्या अंगात वात शिरतो. आणि गेल्या काही वर्षांत या सर्वांच्या जोडीला मणक्यातला ‘गॅप’ येऊन बसला आहे. एस.टी. स्टँडवर, बाजार समितीच्या ओट्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत पाठ दुखते असे कोणी म्हटले, की चार जण चार नावे सांगतात आणि नावाबरोबर उपायही सांगतात. निरगुडीच्या पाल्याने शेका, एरंडेल घ्या, पायाळू माणसाची लाथ खा, पट्टा बांधा, फळीवर झोपा. नाव मिळाले की आपले समाधान होते. पण एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पाठ दुखते केव्हा? दिवसा काम करताना, की रात्री झोपेत?

या एका प्रश्नाचे महत्त्व आज सांगायचे आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. परंतु हा प्रश्न ८ वर्षे कोणी विचारला नाही म्हणजे काय होते, ते त्याने स्वतःच्या पाठीवर सोसलेले आहे. तेवढ्या अधिकाराने हे चार शब्द लिहितो.

माझी पाठ १९९८ मध्ये दुखू लागली, तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. घर अमरावतीला, नोकरी अकोला जिल्ह्यात. दर शनिवारी इकडे, सोमवारी पहाटे तिकडे. पडलो नाही, ओझे उचलले नाही, काही निमित्त नाही. दुखणे आले ते हळूहळू, पाहुण्यासारखे, आणि मुक्कामाला राहिले. दिवसभर वर्गात उभा राहून शिकवी, तेव्हा फारसे काही वाटत नसे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास मात्र कमरेखालच्या भागात ठणका लागून जाग येई. कूस बदलणे म्हणजे शिक्षा. उठून अंगणात वीस मिनिटे फेऱ्या मारल्या की ठणका उतरे. सकाळी वाकून बादली उचलता येत नसे. तासाभराने अंग मोकळे होई. आमची आई दारात येऊन विचारी, “काहून रे बापू, रातभर फिरत राह्यतं? झोप काहून येत नाही तुले?” तिच्या या प्रश्नातच निम्मे निदान होते, हे मला पुढे कळले.

या ८ वर्षांत मी दोन्ही गावांत आणि बाहेर मिळून पुष्कळ दारे पाहिली. सर्वांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण तक्रार एका-दोघांची नसून पद्धतीची आहे. एके ठिकाणी गादी बदलायला सांगितले. दुसऱ्या ठिकाणी मास्तर लोक फार विचार करतात असे निदान झाले आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या ठिकाणी कमरेचा एक्स-रे स्वच्छ निघाला, तेव्हा “तुम्हाला काहीच झालेले नाही” असे सांगण्यात आले. चौथ्या ठिकाणी एमआरआय झाला, त्यात एक चकती किंचित बाहेर आलेली दिसली आणि ऑपरेशनचा सल्ला मिळाला. पैशांची जुळवाजुळव होत नव्हती म्हणून ते राहिले, एवढेच.

मधे २००३ साली माझा डावा डोळा लालभडक झाला होता, उजेड सहन होत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध दिले, डोळा बरा झाला. डोळ्याचा कागद एका पिशवीत, पाठीचा दुसऱ्या पिशवीत. शेवटी २००६ मध्ये एका फिजिशियनांनी तपासणीच्या टेबलावर झोपवण्याआधी खुर्चीवर बसवून दहा मिनिटे नुसते विचारले. रात्री कितीला जाग येते, उठून फिरले की बरे वाटते का, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, टाच दुखते का, डोळा कधी लाल झाला होता का. दोन पिशव्या त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र आल्या. ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे निघाला, रक्ताचा नमुना मुंबईला गेला, मला नागपूरला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. रोगाचे नाव निघाले अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस.

दोन तऱ्हेची पाठदुखी

वाचकहो, या नावाला घाबरू नका, आणि गोंधळूही नका. मानेला पट्टा बांधलेल्या प्रत्येकाला आपण ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो, तो बहुधा स्पॉन्डिलोसिस असतो, म्हणजे वयपरत्वे होणारी मणक्यांची झीज. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा निराळा आजार आहे. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. आधी पाठीचा कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना जोडलेला असतो ते दोन सांधे, ज्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात, ते सुजतात आणि मग सूज वर मणक्यांकडे सरकते. वर्षानुवर्षे उपचार न झाल्यास मणके एकमेकांना हाडाने जुळू शकतात आणि पाठ बांबूसारखी ताठ होते. आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. तो पुरुषांचाच असे पूर्वी मानत. स्त्रियांनाही तो होतो आणि त्यांचे निदान अधिकच लांबते, हे आता स्पष्ट झाले आहे. आमच्याकडे बाईची पाठ दुखली की बाळंतपणाच्या नावावर टाकून मोकळे होण्याची रीत आहे, तिने या उशिरात भरच पडते.

समजण्याची गोष्ट ही, की पाठदुखीच्या मुख्यतः दोन जाती आहेत. एक श्रमाची. पोते उचलले, दिवसभर निंदण केले, मोटारसायकलवर खड्डे खाल्ले, की ती उपटते. पडून राहिले की कमी होते. बहुसंख्य लोकांची पाठदुखी हीच असते आणि ती काही आठवड्यांत बरी होते. दुसरी सुजेची. हिचे वागणे अगदी उलटे. पडून राहिले की वाढते, हालचाल केली की कमी होते. २००९ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने ही दुसरी जात ओळखण्यासाठी पाच गोष्टी ठरवल्या. दुखणे वयाच्या चाळिशीच्या आत सुरू झाले. एकदम न येता हळूहळू आले. व्यायामाने कमी होते. विश्रांतीने कमी होत नाही. रात्री दुखते आणि उठल्यावर बरे वाटते. तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीत या पाचांपैकी चार गोष्टी जुळल्या, तर सुजेचा संशय घ्यावा असे हे शास्त्र सांगते. हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, फी लागत नाही.

तरीही जगभरच्या अभ्यासांत हा आजार सुरू होण्यापासून त्याचे नाव कळेपर्यंत सरासरी सहा-सात वर्षे जातात असे दिसते. म्हणजे माझी ८ वर्षे काही वऱ्हाडाचा खास मागासलेपणा नव्हे. पण म्हणून ती सोसण्यासारखीही नाहीत. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून आपण जागतिक विक्रम केला. ज्या रस्त्याने मी ८ वर्षे रिपोर्टांची पिशवी घेऊन हिंडलो, तो पाच दिवसांत तयार होऊ शकतो. मग पाच प्रश्न विचारायला आठ वर्षे का लागावीत?

रात्रीचे दुखणे आणि इतर आजार

रात्री पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला माझाच आजार असेल असे मात्र मुळीच नाही. आपल्या भागात सर्वांत आधी आठवायला हवा तो मणक्याचा क्षय. टी.बी. म्हणजे खोकला, ही आपली समजूत. पण क्षयाचे जंतू हाडातही घर करतात आणि हाडांच्या क्षयात सुमारे निम्मे रुग्ण मणक्याचेच असतात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा आजार असेही म्हणतात. सतत राहणारी आणि रात्री जाणवणारी पाठदुखी, संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, अन्नावरची वासना जाणे, वजन उतरणे ही त्याची लक्षणे. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी मणक्याचा क्षय असू शकतो. त्यासाठी एमआरआय आणि पुष्कळदा सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी लागते. उपचार लांबचा आहे, साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. परंतु सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. अशा किडलेल्या मणक्यावर मालिशवाल्याने गुडघा रोवला किंवा पायाळूने लाथ घातली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जनावरांच्या संगतीत राहणाऱ्यांनी आणि कच्चे दूध पिणाऱ्यांनी ब्रुसेलोसिस हे नाव ऐकून ठेवावे. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम आणि पाठदुखी अशी त्याची चाल असते आणि त्याच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात. उन्हाळ्यात आपल्याकडे मुतखड्याचे रुग्ण कमी नसतात. खड्याची कळ एका बाजूने, बरगडीखालून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी ठरू देत नाही. तरुण मुलाला एकाच जागी रात्री असह्य दुखते आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने चमत्कार झाल्यासारखे थांबते, असे असेल तर हाडातली ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही लहानशी, कर्करोग नसलेली गाठ असू शकते. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच पाठ दुखू लागली, रात्रंदिवस दुखते, कशानेच उतरत नाही आणि वजन घटते आहे, तर मल्टिपल मायलोमा किंवा दुसरीकडून हाडात उतरलेला कर्करोग यांचा विचार करावा लागतो. म्हाताऱ्या बायकांत ठिसूळ झालेला मणका साध्या धक्क्यानेही दबतो.

आणि एक इशारा कात्रण काढून ठेवावा असा. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागेची संवेदना हरवली किंवा पायातली शक्ती जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे तासांचा हिशोब असतो.

यंत्र आणि प्रश्न

एवढे वाचून काही जण उद्याच एमआरआय काढायला निघतील. त्यांनी थोडे थांबावे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के निरोगी लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. म्हणजे केस पिकावेत तशा चकत्याही पिकतात. चित्रात दिसलेला गॅप हाच दुखण्याचे कारण असे धरून चालणे धोक्याचे. शिवाय कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये सॅक्रोइलियाक सांधे नीट येतीलच असे नसते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिले तरच ते काढले जातात. साध्या एक्स-रेत तर सुजेच्या खुणा उमटायला वर्षे लागतात, म्हणून सुरुवातीचा स्वच्छ एक्स-रे काहीच सिद्ध करत नाही.

रक्ताचेही तसेच. एचएलए-बी२७ या घटकाचा या आजाराशी संबंध १९७३ मध्ये उजेडात आला. पण हा घटक ज्यांच्या रक्तात आहे त्यांपैकी बहुतेकांना आजार कधीच होत नाही, आणि काही रुग्णांत तो सापडतच नाही. वाताची म्हणून जी आर.ए. फॅक्टरची तपासणी करतात, ती या आजारात सहसा निगेटिव्हच येते. म्हणजे प्रश्न आधी, यंत्र नंतर. प्रश्नाने दिशा ठरली तर यंत्र उपयोगी पडते, नाहीतर यंत्र आणखी एक नाव देऊन मोकळे होते.

डॉक्टरांची बाजूही मला दिसते. ओपीडीत शे-दीडशे रुग्ण रांगेत उभे, प्रत्येकाची पाठ दुखते, त्यातल्या नव्वदांना श्रमाचीच. रुग्णही आत शिरताच “एक सुई मारून द्या साहेब” म्हणतो. सुईने चार दिवस बरे वाटते आणि गाडी पुढे जाते. यातल्या काही सुयांत आणि गावोगावी विकल्या जाणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांत स्टेरॉईड असते. ते दुखणे झाकते, आत क्षय असेल तर त्याला मोकळे रान देते. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे मनाने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीच्या प्रत्येक केसपेपरवर दोन ओळी छापलेल्याच असाव्यात: रात्री झोपमोड होते का, आणि सकाळचा ताठरपणा किती मिनिटे? परिचारिकेनेही त्या भरल्या तरी चालतील. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण अजून इर्विनच म्हणतो, तिथेच १९८४ पासून असलेले डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, २००२ पासून वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, एवढ्या मोठ्या संस्था आपल्या दोन शहरांत आहेत. दोन ओळी छापणे त्यांना अवघड नाही.

पैशाचेही बोलायला हवे. आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत अमरावती होता, ही अभिमानाची गोष्ट. पण अशी योजना मुख्यतः रुग्ण भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी कामाला येते. निदान शोधत केलेली वणवण, तपासण्या, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च बहुतेक खिशातूनच जातो. मास्तरला पगार होता, रजा होत्या. रोजमजुरी करणाऱ्या तरुणाने ८ वर्षे अशी कशी काढावीत? तो तिसऱ्या फेरीलाच घरी बसतो आणि आळशी ठरतो.

आपल्या हाती काय आहे

रुग्णाने करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. उशाशी एक शाळेची वही ठेवावी. पंधरा दिवस लिहावे: किती वाजता जाग आली, उठून फिरल्यावर कमी झाले की नाही, सकाळी अंग मोकळे व्हायला किती वेळ लागला, ताप आला का, वजन किती. वहीच्या मागच्या पानावर आधीचे आजार लिहावेत: लाल झालेला डोळा, टाचेचे दुखणे, सोरायसिसचे चट्टे, वारंवारची हगवण, घरात कोणाला झालेला क्षय किंवा संधिवात. सर्व कागद एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे लावावेत. डॉक्टरांना रोगाचे नाव आपण सांगू नये, दुखण्याची वेळ सांगावी. “गॅप आहे” म्हणून सुरुवात केली की समोरचाही गॅपच शोधतो.

निदान झाल्यावर काय, असे विचाराल तर, हा आजार मुळापासून जात नाही, पण काबूत राहतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम हे त्याचे दोन पाय. तेवढ्याने भागले नाही तर बायॉलॉजिक इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत आणि ती देण्यापूर्वी शरीरात क्षय दडलेला नाही ना, हे तपासावेच लागते. विडी-सिगारेट सोडणे भाग आहे, धुराने हा आजार बळावतो. व्यायामाचे अमरावतीकराला वेगळे सांगायला नको. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात १९१४ पासून उभे आहे, तिथे पाठ ताणण्याचे आणि छाती फुगवून श्वास घेण्याचे धडे परक्याकडून कशाला घ्यायचे? मी रोज सकाळी चाळीस मिनिटे घाम गाळतो. रात्री बहुधा सलग झोपतो. मान थोडी कमी वळते. मागच्या बाकावरची पोरे त्याचा फायदा घेतात.

ज्यांच्या घरात एखादा तरुण मुलगा किंवा सून रात्री उठून अंधारात फेऱ्या मारते, त्यांनी आज तिला आळशी, नाजूक किंवा विचारी म्हणण्याआधी एवढे विचारावे, “पाठ दुखते का? फिरल्यावर बरे वाटते का?” आणि दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर येत्या सोमवारी पिशवी आणि वही देऊन तिला ओपीडीत घेऊन जावे.